लेकरू ‘पाणी’ म्हणत नाही, ‘सब्स्क्राइब’ म्हणतं

मागच्या अंकात जेवताना लेकराच्या हाती मोबाईल देण्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. दोन-तीन पत्रं येतील असं वाटलं होतं, पण टेबलावर गठ्ठाच आला. त्यातली पाच इथं घेते. आधीच सांगून ठेवते, मी डॉक्टर नाही. परभणी जिल्ह्यात 31 वर्षं अंगणवाड्यांची सुपरवायझर होते. लेकरं पाहिली ती वजनकाट्यावर, सतरंजीवर आणि घरोघरच्या ओट्यांवर. तेवढ्या जिवावर बोलते.

प्रश्न : ताई, माझा मुलगा 2 वर्षं 4 महिन्यांचा आहे. मोबाईल समोर धरल्याशिवाय घास गिळत नाही. ए टू झेड म्हणतो, इंग्रजीत रंग सांगतो, व्हिडिओतल्यासारखं ‘सब्स्क्राइब करो’ही म्हणतो. पण पाणी हवं असलं की माझा हात धरून माठाकडे ओढतो, ‘पाणी’ म्हणत नाही. सासूबाई म्हणतात, याचा बापही उशिराच बोलला. वाट बघू का?
— एक आई, मानवत

उत्तर : पोरी, वाट बघू नको. ‘याचा बापही उशिरा बोलला’ हे मी इतक्या घरांत ऐकलंय की वजनाच्या रजिस्टरात त्याला एक रकाना द्यायला हवा होता. काही घरांत ते खरंही निघतं. पण खरं निघेपर्यंत वर्ष जातं, आणि या वयातलं वर्ष फार मोठं असतं.

मोबाईलकडे बोट दाखवण्याआधी लेकराचे कान तपासून घे. व्हिडिओतलं बोलतो म्हणजे ऐकू येतच असणार, असं तुला वाटेल. तरी घे. कान वाहून वाहून कमी ऐकू यायला लागलेली लेकरं मी पाहिली आहेत, आणि घरच्यांना वाटायचं पोरगं हट्टी आहे. मग घरी चार दिवस नीट लक्ष दे. टीव्ही बंद असताना मागून हाक मारली तर वळतो का? हवी ती वस्तू बोटानं दाखवतो का, की फक्त हात धरून ओढतो? तू आभाळातलं विमान दाखवलंस तर विमान बघून परत तुझ्या तोंडाकडे बघतो का? ‘मम दे’, ‘बाबा गेले’ असे दोन शब्द स्वतःहून जोडतो का? दोन वर्षांचं लेकरू साधारण एवढं करतं. यातलं बरंचसं होत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखव. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, 2013 पासून ही योजना आहे. सेविकेला सांगून नाव लिहून ठेव. गरज वाटली तर ते पुढं शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. पथक यायला वेळ असेल तर थांबू नको, तूच उठ आणि जा.

आता ए टू झेड म्हणणारं लेकरू ‘पाणी’ का म्हणत नाही ते बघू. एकदा लेकरांचा असा व्हिडिओ तू स्वतः बसून बघ. त्यातली बाई विचारते, ‘हा कोणता रंग?’ मग डोळे मोठे करून दोन-तीन सेकंद थांबते आणि म्हणते, ‘शाब्बास, लाल!’ तुझं लेकरू ‘लाल’ म्हणालं तरी शाब्बास, ‘निळा’ म्हणालं तरी शाब्बास, आणि उठून गेलं तरी शाब्बासच. त्याच्या बोलण्यानं पलीकडे काही हलत नाही. माठापाशी तसं नसतं. तिथं ‘पा’ एवढं जरी तोंडातून निघालं तरी पेला हातात येतो. बोलल्यानं काहीतरी घडतं हे लेकराला कळलं की ते बोलायला लागतं. ए टू झेडनं त्याला अजून काही मिळालेलं नाही, तुझ्या पाहुण्यांच्या टाळ्या सोडल्या तर.

आम्हाला एका प्रशिक्षणात सिएटलचा एक प्रयोग सांगितला होता, तो माझ्या डोक्यात बसलाय. 2003 साली तिथल्या पॅट्रिशिया कुल या बाईंनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांपुढं चिनी भाषा आणली. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं 12 वेळा येऊन समोर बसून खेळली, पुस्तकातलं वाचून दाखवलं. दुसऱ्या बाळांना त्याच माणसांचं तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. पहिली बाळं त्या भाषेतले बारीक आवाज वेगळे ओळखायला शिकली. पडद्यासमोरच्या बाळांच्या पदरात काहीच पडलं नाही, जणू चिनी कधी ऐकलंच नव्हतं. शब्द आणि तोंडं तीच होती, फक्त समोर जितं माणूस नव्हतं.

म्हणून तो माठाकडे ओढायला लागला की सोबत जा, त्याच्या उंचीला बस आणि म्हण, ‘पाणी? पाणी पाहिजे?’ मग मनात पाचपर्यंत मोज. हे पाच आकडे आपल्याला फार लांब वाटतात, आपण तीनलाच पेला देऊन मोकळ्या होतो. पाच झाले आणि तो काहीच बोलला नाही तरी पाणी दे. ‘आधी पाणी म्हण, मग देईन’ असं करू नको, तहानलेल्या लेकराची परीक्षा घेऊ नये. दिवसातून दहा वेळा पाणी पितो, दहा वेळा हे होईल.

जेवणाचं म्हणशील तर सगळ्या वेळा एकदम बंद करायला जाऊ नकोस. घरात महाभारत होईल आणि तिसऱ्या दिवशी तूच मोबाईल काढून देशील. सकाळचं एकच जेवण धर. त्या वेळी मोबाईल खोलीतही नको, उशीखाली तर मुळीच नको, त्याला जागा माहीत असते. ताटलीत दुधात कुस्करलेली भाकरी किंवा वरणभात वाढ आणि त्याच्या हातानं खाऊ दे. निम्मं सांडेल, पाठीवरसुद्धा जाईल. तू तुझं ताट घेऊन समोर बस. मोबाईल बघत खाणाऱ्या लेकराचं तोंड उघडं असतं, पण पोट भरलंय की नाही याकडे त्याचं लक्ष नसतं. म्हणून पहिले तीन-चार दिवस तो कमी खाईल आणि सासूबाई तुला बोलतील. त्यांना सांग, सुपरवायझर बाईंनी सांगितलंय. वाटल्यास महिनाभरानं अंगणवाडीत वजन कर. वजन उतरलं तर मला कळव, डॉक्टरांना दाखव.

प्रश्न : तुम्ही सुपरवायझर बायका आयांनाच बोलता. माझी दोन लेकरं, एक दीड वर्षाचं, एक चार वर्षांचं. नवरा स्टील कारखान्यात रात्रपाळीला, दिवसा झोपतो. सासू अंथरुणाला. स्वयंपाक होईस्तोवर मोबाईल दिला नाही तर लेकरं कुणी धरायची? तुम्ही येता का?
— नाव छापू नका, जालना

उत्तर : बोललीस ते बरं केलंस. माझंच सांगते. नात लहान होती तेव्हा मुलगा आणि सून दोघंही नोकरीवर, म्हणून मी चार महिने छत्रपती संभाजीनगरला राहिले. हजार आयांना शिकवलेली बाई! दुपारी दोनला माझा डोळा लागायचा. मग गाणी लावून मोबाईल उशीला टेकवायचा, पोरगी गप्प, मी गप्प. सुनेला सांगायचे, ‘झोपली होती दुपारभर.’ एकदा वीज गेली, वायफाय गेलं, तेव्हा तिला मांडीवर घेऊन गोष्ट सांगायला लागले. गोष्ट लांबली असावी. पोरीनं माझ्या डाव्या गालावर, खालच्या बाजूला, बोट टेकवलं आणि दाबलं. मला कळेना. पुन्हा दाबलं. मग लक्षात आलं, जाहिरात वगळायचं बटण पडद्याच्या त्याच कोपऱ्यात असतं. दीड वर्षाची होती. सुनेला त्या रात्री खरं सांगितलं.

तेव्हा मी तुला बोलणार नाही. नियम काय आहे तेवढा सांगते, मग तुझ्या घराचं बघू. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली पाच वर्षांखालच्या लेकरांसाठी सांगितलं, की एक वर्षापर्यंत पडदा अजिबात नको, दुसऱ्या वर्षातही नको, आणि दोन ते चार वर्षांच्या लेकराला दिवसाला तासाभराहून जास्त नको, त्याहून कमी तर बरंच. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही जवळपास तेच आहे, फक्त दोन वर्षांखाली नातलगांशी व्हिडिओ कॉल चालेल असं ते म्हणतात.

तुझं थोरलं चार वर्षांचं आहे, म्हणजे तुझ्याकडे एक तास आहे. तो चुलीपाशीच खर्च कर, जिथं तापलेल्या तेलाची भीती आहे. बाकी कुठं उधळू नको. नवरा झोपलाय म्हणून, पाहुणे आलेत म्हणून, एसटीत बसलोय म्हणून, असा सुटा सुटा दिलेला मोबाईल दिवसाअखेर तीन तासांवर जातो आणि आपल्याला तो अर्धा तासच वाटतो. दुसरं, एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, ते सेटिंगमध्ये जाऊन बंद कर. माझ्या शेजारीण बाई तर दोन व्हिडिओ आधी उतरवून घेतात आणि नेट बंद करून मोबाईल हातात देतात. ते संपले की संपले. ‘आई देत नाही’ हे भांडण होत नाही, मोबाईलच देत नाही.

व्हिडिओ निवडताना त्यातली चित्रं किती भरभर पळतात ते बघ. अमेरिकेत 2011 साली चार वर्षांच्या 60 लेकरांवर एक प्रयोग झाला. काहींना भरभर पळणारं कार्टून दाखवलं, काहींना संथ कार्यक्रम, काहींना नुसते खडू दिले. फक्त नऊ मिनिटं. लगेच नंतर थांबायची, लक्षात ठेवायची कामं दिली, त्यात भरभर कार्टूनवाली मागं पडली. तुझं थोरलं मोबाईल ठेवल्यावर धाकट्याला ढकलत असेल तर आधी काय बघत होतं ते आठव.

आणि दीड वर्षाच्याला पडद्याकडे पाठ करून बसव, त्याच्यापुढं परात ठेव. कणकेचा गोळा, रिकामे डबे, मोडायला गवारीच्या शेंगा. गवार वाया जाईल. पाव किलो जास्त आण.

प्रश्न : माझी मुलगी 5 वर्षांची आहे. आम्ही मोबाईलवर मुलांसाठीचं वेगळं यूट्यूब टाकून दिलं आहे, त्यामुळे चिंता नव्हती. पण ती तासन् तास खेळण्यांचे खोके उघडण्याचे व्हिडिओ बघते आणि दुकानात गेलो की रस्त्यावर लोळण घेते. इंग्रजी मात्र छान सुधारलं आहे. हे सुरक्षित समजावं का?
— एक वडील, लातूर

उत्तर : लातूरला इंग्रजी सुधारलं म्हटलं की बाकी सगळं माफ असतं, ते मला ठाऊक आहे. मुलांसाठीचं ॲप 2015 साली निघालं. साध्या यूट्यूबपेक्षा ते बरं, पण टाकून दिलं म्हणजे काम झालं असं नाही. त्यात वयाचे गट आहेत, चार वर्षांपर्यंतचा वेगळा, पाच ते आठचा वेगळा. शोधायची सोय बंद करता येते, वेळेचं घड्याळ लावता येतं. आणि सगळ्यात कामाची गोष्ट, तुम्ही स्वतः निवडून दिलेलंच दिसेल असंही करता येतं. त्याला एक रविवार जातो. तो द्या. पासवर्ड मुलीसमोर टाकू नका, पाच वर्षांची पोरगी चार आकडे सहज पाठ करते.

खोके उघडायच्या व्हिडिओत शिकवण्यासारखं काही नसतं. ते दुकान आहे, आणि दुकानदार लेकराच्या मांडीवर बसलेला आहे. आत काय निघेल ही उत्सुकता ताणायची, निघालं की लगेच दुसरा खोका. पाच वर्षांच्या मुलीला हे विकायला चाललंय हे कळत नाही, ती त्याला मैत्रिणीचा वाढदिवस समजते. लेकरांची माहिती पालकांना न विचारता गोळा केली म्हणून 2019 मध्ये अमेरिकेत गूगल आणि यूट्यूबला 17 कोटी डॉलर भरावे लागले. तेव्हापासून, म्हणजे 2020 च्या जानेवारीपासून, लेकरांच्या व्हिडिओवर माणूस बघून दाखवायच्या जाहिराती बंद झाल्या, खालच्या प्रतिक्रियाही बंद झाल्या. पण व्हिडिओ स्वतःच जाहिरात असेल तर हा नियम काय करणार?

ते चॅनल तिच्यासमोर बंद करा, चोरून नको. आणि घरातले जुने खोके, सुतळी, चिकटपट्टी तिला द्या. तीच भरेल, तीच उघडेल, तुम्हाला गिऱ्हाईक करील. माझ्या नातीनं मला एक हळकुंड तीनशे रुपयांना विकलंय.

प्रश्न : भाची 6 वर्षांची, सारखे डोळे मिचकावते. शेजारी म्हणतात मोबाईलमुळे चष्मा लागणार. खरं का? — एक मावशी, नांदेड

उत्तर : डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, शेजाऱ्यांना नको. पडद्याकडे टक लावून बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. कधी नंबर आलेला असतो, कधी ॲलर्जी असते, कधी नुसती लकब. ते तपासल्यावरच कळतं. मात्र लांबचं न दिसण्याचा चष्मा लांबवायला एक गोष्ट उपयोगी पडते, उघड्यावरचा उजेड. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या लेकरांना रोज 40 मिनिटं जास्तीची बाहेर काढली. तीन वर्षांनी त्यांच्यात शंभरातल्या तिसेक लेकरांना तो दोष आला होता, बाकीच्या शाळांत शंभरातल्या चाळीसेकांना. आपल्याकडे उजेडाला तोटा नाही. एप्रिल-मेच्या दुपारी नका काढू तेवढं.

प्रश्न : बाई, पोरगा अन् सून दसऱ्यानंतर टोळीसंगं ऊसतोडीला गेली. उचल घेतलेली, जाणं भाग. नात 6 वर्षांची, नातू अडीच वर्षांचा, दोघं आम्हा म्हाताऱ्यांपाशी. रात्री सुनेचा व्हिडिओ कॉल येतो. नातू तिला बघतच नाही. बोटानं तिला मागं सारतो अन् गाण्याचा व्हिडिओ लावा म्हणून रडतो. सून तिकडं रडते. दिवसा गप्प बसावा म्हणून आम्हीच त्याला गाणी लावून देतो. मोबाईल बंद करावा तर आईचं तोंडही दिसायचं नाही. काय करावं?
— एक आजोबा, केज तालुका

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

नातू आईला विसरला, असं सुनेला वाटत असेल. तिला आधी हे सांगा की तसं नाही. त्या काचेत दिवसभर गाणी असतात, रात्री तिथंच आई येते. अडीच वर्षांच्या लेकराला वाटतं की गाण्याच्या मधे काहीतरी आडवं आलं, ते सारून टाकावं. बंद करायची ती गाणी, आईचा फोन नको. व्हिडिओ कॉल आणि व्हिडिओ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉलमध्ये लेकरू हसलं की आई हसते, लेकरानं भाकरी दाखवली की आई ‘मला घास दे’ म्हणते.

घरात मोबाईल एकच असणार, दुसरा घ्या असं मी कशी म्हणू? पण त्याची जागा ठरवता येते. आईचा फोन फक्त एका ठिकाणी घ्यायचा, देवळीत म्हणा, कणगीला टेकवून म्हणा. हातात धरायचा नाही, म्हणजे बोट लागणार नाही. दुपारनंतर त्या मोबाईलवर गाणी नकोत. नातीला तासभर बघायचं असेल तर ते सकाळीच, आणि नातवाच्या डोळ्यांआड. कॉल संपला की मोबाईल वर ठेवून द्यायचा, बक्षीस म्हणून गाणं लावायचं नाही.

सुनेला सांगा, ‘मला ओळखलंस का? आई म्हण की रे’ असं विचारू नको. दिवसभर मोळ्या बांधून आलेल्या बाईला हे सांगणं जिवावर येतं, पण लेकरू प्रश्नांना बुजतं. तिनं कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, भाकरी खायला बसावं, त्याच वेळी तुम्ही नातवाला ताट द्या. तिनं बैल दाखवावेत, गाडीचं जू दाखवावं, कोपीवरचं पाचट दाखवावं. तुम्ही किंवा आजीनं नातवाला मांडीवर घेऊन बसावं आणि इकडून बोलत राहावं, ‘बघ, माय पाणी पिती. तू पी.’ इकडं एक मोठं माणूस बोलत असेल तर लेकराला पलीकडचं माणूस खरं वाटतं. दोन मिनिटं बघितलं तरी पुष्कळ झालं. ओढून धरू नका. फडावर रेंज गेली आणि फोन आला नाही, तर त्याच वेळी त्याच जागी बसून तिच्याबद्दल बोला.

नातीच्या शाळेत गुरुजींना विचारा. मागं राहिलेल्या लेकरांसाठी बीड जिल्ह्यात हंगामी वसतिगृहाची योजना चालते, तुमच्या गावात असेल तर तिचं नाव टाका. दोन वेळचं जेवण आणि चार मैत्रिणी मिळाल्या तर मोबाईल आपोआप कमी होईल. नातू तुमच्या अंगणवाडीत तीन वर्षं पूर्ण झाल्यावर बसेल, पण सेविकेला आत्ताच सांगून ठेवा की आई बाहेरगावी आहे. घरपोच आहार आणि वजन त्याला आजही लागू आहे.

पट्टा पडल्यावर, म्हणजे उसाचा हंगाम संपल्यावर, पोरगा-सून परत येतील तेव्हा एक तयारी ठेवा. नातू पहिल्या दिवशी आजीच्या पाठीमागं लपेल. सूनबाईला ते सोसवणार नाही. मी धारूरकडच्या एका घरी बघितलेलं सांगते. ती बाई ट्रॅक्टरमधून गावाच्या फाट्यावर उतरली आणि तिथूनच तिनं रोजच्यासारखा फोन लावला. घरी आजीनं मोबाईल रोजच्या जागी, देवळीत ठेवला. बाई बोलत बोलत चालत राहिली. ‘मारुतीचं देऊळ आलं, हापसा आला, बघ आपली गाय.’ लेकरू देवळीकडे बघत होतं. मग आवाज मोबाईलमधून यायला लागला आणि अंगणातूनही. त्यानं मोबाईलकडे बघितलं, दाराकडे बघितलं, पुन्हा मोबाईलकडे. तिसऱ्यांदा दाराकडे बघितलं तेव्हा ती उंबऱ्यात उभी होती, आणि ते ओट्यावरून उतरायला लागलं.